चाळीस पानांपलीकडे

४ मार्च, मंगळवार

रेडिओवरचा माझा कार्यक्रम पंधरा मिनिटांचा. मी बोललो नऊ मिनिटं. उरलेल्या वेळात केंद्र सांभाळणाऱ्या वांडाने पोल्काची नाचगाणी लावली आणि काचेपलीकडून माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिच्या दारात मेलेला मासा आणून टाकलाय.

माझ्या बायकोला, सिग्रूनला, मेंदूचा झटका आला त्याला आता पाच आठवडे झाले. त्यातले चार ती विनिपेगला हॉस्पिटलात होती. तेवढे मंगळवार वांडाने जुने कार्यक्रम पुन्हा लावून निभावले. आता ही घरी आलीय, तर म्हटलं आपणही कामाला लागावं. एकोणीस वर्षं मी दर मंगळवारी चार वाजता, आमच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, मैदानावरच्या खोलीतून, ‘या आठवड्यात काय वाचलं’ करतोय. फक्त अद्भुतकथा आणि विज्ञानकथा. बाकीच्या पुस्तकांसाठी जगात बाकीची रेडिओ केंद्रं आहेत.

हे कुणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो. एकोणीस वर्षांत मी त्यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही. वाचायची ती. ती शाळेची बस चालवायची. सकाळी मुलांना सोडलं की दुपारी परत घेईपर्यंत बस तळ्याकाठी उभी करून, थर्मासमधली कॉफी पीत वाचत बसायची. आमच्या घरातल्या प्रत्येक पुस्तकावर कॉफीचे डाग आहेत ते त्यामुळे. सोमवारी जेवताना ती मत सांगायची, मी ते पाककृतींच्या कार्डांमागे उतरवून घ्यायचो आणि वर माझे दोन विनोद घालायचो. “तूच बोल की माईकवर,” म्हटलं तर म्हणायची, “माझा आवाज मुलांवर ओरडून ओरडून फाटलाय. तुझा छान आहे. जा तू.”

आवाज माझा छान आहेच. गावात सगळे म्हणतात.

तिचे दोन नियम होते. कुठल्याही पुस्तकाला चाळीस पानं द्यायची. तेवढ्यात त्याने धरून ठेवलं नाही, तर फळीवर त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचं, म्हणजे पाठीवरचं नावसुद्धा दिसायला नको. दुसरा, रेडिओवर चाळीस पानांपलीकडचं काही बोलायचं नाही. मी पुढचं विचारलं तर “तुला काय करायचंय?” म्हणून पानात बटाटा वाढायची. मला वाटायचं, कंटाळा करते.

आज मला ना चाळीस पानं माहीत होती, ना एक. मागचं मुखपृष्ठ वाचून दाखवलं.

६ मार्च

ती एकच शब्द बोलते. मंगळवार.

पाणी हवं असलं तरी मंगळवार, पाय दुखला तरी मंगळवार. हॉस्पिटलात म्हणाले, असं होतं. डोक्यातल्या सगळ्या वाटा बंद होतात आणि एखादाच शब्द बाहेर पडत राहतो. कुणाच्या तोंडी आईचं नाव असतं, कुणाच्या शिवी. हिचा मंगळवार निघाला. नवी पुस्तकं दुकानात मंगळवारी येतात, आपला कार्यक्रम मंगळवारी. दुसरं काय निघणार?

उजवा हात, उजवा पाय गेलेला. अक्षरं दिसतात पण लागत नाहीत. पहिल्या दिवशी तिने पुस्तक उघडलं, बराच वेळ पानाकडे बघितलं आणि मिटून माझ्या हातात दिलं. तेव्हा मी गॅरेजमध्ये जाऊन रडून आलो.

सकाळी रोवेना येते. सरकारने पाठवलेली मदतनीस, मूळची फिलिपीन्सची. फार चांगली बाई. आल्या आल्या अर्ध्या तासात सिग्रूनला अंघोळ घालून, केस विंचरून खुर्चीत बसवते. एक वही ठेवलीय, त्यात वेळ घालून सगळं लिहिते. मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत थांबते, म्हणून मला रेडिओवर जाता येतं.

११ मार्च, मंगळवार

एक पुस्तक संपवलं! सहाशे बारा पानं, सहा दिवस. डोळ्यांची वाट लागली. एक अंतराळजहाज आहे, ते दोनशे वर्षं चाललंय आणि कुठेही पोचत नाही. माणसं जहाजातच जन्मतात, भांडतात, मरतात. मी रेडिओवर म्हणालो, छान आहे. मग म्हणालो, जहाजाचं वर्णन छान आहे. मग म्हणालो, एकंदरीत छान आहे. घड्याळात बघितलं तर चार मिनिटं झाली होती.

हालदोरचा फोन आला. म्हातारा कोळी, दर मंगळवारी फोन करतोच.

“ते ठीक आहे, ऑरेस्ट,” म्हणाला. “पण ती काय म्हणते?”

“कोण?”

“सिग्रून.”

“बरी आहे. आज सूप प्यायली.”

“बरं,” म्हणाला आणि ठेवून दिला.

सगळे तिच्या तब्येतीचं विचारतात. माणसं चांगली आहेत इथली.

१९ मार्च

आमची मुलगी लारिसा आली होती विनिपेगहून. बरोबर सरकारी आरोग्य समितीच्या फाँटेनबाई. सिग्रूनला किती समजतं ते तपासायचं होतं. घरी ठेवायचं की वृद्धांच्या केंद्रात न्यायचं, ते त्यावर ठरणार.

टेबलावर चमचा, कंगवा, किल्ली मांडली. “मिसेस सिग्रून, कंगवा दाखवा बरं.” सिग्रून खिडकीबाहेर बघत राहिली. “डोळे मिटा बरं.” मिटले नाहीत. “आज वार कोणता?”

“मंगळवार,” सिग्रून म्हणाली.

बुधवार होता. बाईंनी फुली मारली.

मी म्हटलं, “अहो, तिला कंगवा कशाला विचारता? तिला विचारा की तिच्या लाडक्या कादंबरीच्या तिसऱ्या खंडात राणी का खोटं बोलली.” बाई हसल्या, समजूत काढल्यासारख्या. लारिसाने बापाचा कोट ओढला. “तातो, गप्प बस ना.”

गाडीपाशी गेल्यावर पोरगी रडली. “तुला वाटतं मला मम्माला कुठेतरी टाकून यायचंय?”

“नाही गं.”

“मग सांग, तू तिला उचलतोस कसा? एकटा?”

“एकतीस वर्षं पाणी ओतून बर्फ जमवलाय मी त्या कर्लिंगच्या मैदानावर. पाण्याच्या टाक्या उचलल्यात पाठीवर.”

“तेव्हा तू शहात्तर वर्षांचा नव्हतास.”

मी विषय बदलला. बरोबर पेरोगीचा, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा दिला.

पण खरं सांगायचं तर मलाही खात्री नाही. ती बघते, हसते, मंगळवार म्हणते. आत कोण आहे? सगळी सिग्रून आहे, की थोडीशी? चोपन्न वर्षं जिच्याबरोबर जेवलो तिच्याबद्दल हे विचारावं लागतंय, आणि विचारायचं कुणाला तेही कळत नाही.

२ एप्रिल

बाथरूममध्ये ती माझ्या हातून निसटली. फार नाही, टबाच्या कडेवर दंड आपटून खाली बसली. मलाच उठता येईना. दोघं जमिनीवर बसून होतो वीसेक मिनिटं. रोवेनाला सांगितलं, दंडावरचा डाग दाराचा आहे. लारिसाला सांगायची गरज नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

आला! नववा खंड आला!

ज्यांना ठाऊक नाही (म्हणजे कुणाला? ही वही आहे, ऑरेस्ट) त्यांच्यासाठी: ‘मिठाच्या नदीचं राज्य’. आठ खंड, आणि मग लेखिकेने अकरा वर्षं तोंड उघडलं नाही. सिग्रूनने पहिले आठ तीन-तीनदा वाचलेत. झटका आला तेव्हाही पाचवा खंड मांडीवर होता, नवव्यासाठी पुन्हा उजळणी चालली होती. पत्र पाठवून कुणा कुणाशी वाद घालायची. मला त्यातलं एवढंच माहीत, की मीठ आहे, नदी आहे, खोटं बोलणारी एक राणी आहे आणि कुणीतरी हरवलेलं आहे.

वांडाने खास मागवून ठेवला होता. आज कार्यक्रमात फक्त “आला” एवढंच सांगितलं आणि जुन्या खंडांबद्दल तिची जुनी कार्डं वाचली. बऱ्याच दिवसांनी वांडा काचेपलीकडून हसली.

घरी आलो, पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिने डाव्या हाताने वास घेण्यासाठी वर उचललं. मग मला परत दिलं आणि समोरची खुर्ची दाखवली. म्हणजे, वाच.

मी पहिलं प्रकरण उघडलं. “मंगळवार!” मांडीवर थाप. मी पानं मागे घेतली. नकाशा. नकाशा बघायचा होता बाईसाहेबांना. सात मिनिटं बघितला.

१७ एप्रिल

आज जे झालं ते तारखेसकट लिहून ठेवतोय.

पान ३४ वर एक नाव आलं, मी ‘एल्विन’ वाचलं. तिने माझ्या मनगटावर चापट मारली. मी पुन्हा एल्विन म्हटलं, पुन्हा चापट. एलवान? चापट. इल्विन? चापट. पाचव्यांदा मी म्हटलं, “इल्वेन?” आणि तिने हात मांडीवर ठेवला. शहाण्या मास्तरणीसारखा.

मी लारिसाला लगेच फोन केला. “ती चूक पकडते! नाव चुकलं की मारते!”

“तातो,” ती हळू बोलली, “माणसाला जे ऐकायचं असतं ते ऐकू येतं.”

“अगं, पाच वेळा!”

“पाचव्यांदा ती दमली असेल.”

फोन ठेवला. दमली असेल? दमलीही असेल. मी काय सिद्ध करणार?

पण स्वयंपाकी आला की ती हसते. टोरेल नावाचा एक काळा पडलेला, काजळी फासलेला स्वयंपाकी आहे, तो मिठागरातल्या मजुरांना सूप वाढतो आणि कुणालाही दुसरी वाटी देत नाही. त्याचं बोलणं आलं की हिचे खांदे हलतात. चाळीस पानं संपली तेव्हा मी विचारलं, “भिंतीकडे करू?” तिने अशी नजर टाकली की मी पुढचं प्रकरण काढलं.

मंगळवार हा शब्दही आता मला वेगवेगळा ऐकू येतो. तुटक असला तर ‘पुढे’. लांबवला तर ‘हे लेखिकेने उगीच वाढवलंय’. आणि एकदम हळू, श्वासात, म्हणजे ‘सुंदर’. काल तीनदा हळू म्हणाली.

कितीतरी वर्षांत आम्ही दोघं इतका वेळ एका जागी बसलो नव्हतो.

२१ एप्रिल

उद्या कार्यक्रम. आम्ही दोघं पान १२६ वर आहोत आणि पुस्तक सातशेचं. म्हणून मी सकाळी, रोवेना तिचं आवरते तेवढ्या वेळात, आणि रात्री ती झोपल्यावर पहाटेपर्यंत पुढचं पुढचं वाचत होतो. आज संपवलं. या वेळी नुसतं छान छान म्हणणार नाही. माझीही मतं आहेत. कार्डावर नऊ मुद्दे लिहिलेत, आणि ते चाळीस पानांचं कुंपण वगैरे मी मानत नाही. लोकांनी एवढी वाट बघितलीय, त्यांना पुरेपूर द्यायला हवं.

२२ एप्रिल, मंगळवार

आज घोटाळा झाला.

बारा मिनिटं उत्तम चाललं होतं. नदीचं वर्णन, लढाई, राणीचं म्हातारपण, सगळं सांगितलं. मग म्हणालो, “एक तक्रार मात्र आहे मंडळी. शेवट. तो स्वयंपाकी टोरेल, सबंध पुस्तकभर सूप वाढतो, ठीक आहे, मजा येते. पण शेवटच्या पानावर तो तोंड धुतो, काजळी जाते आणि त्याची एक भुवई पांढरी निघते. बरं, मग? आणि तिथे पुस्तक संपतं! एका स्वयंपाक्याच्या भुवईवर! याला काय अर्थ आहे?”

काचेपलीकडे वांडाने दोन्ही हात डोक्याला लावले. मला वाटलं, यंत्र बिघडलं. तेवढ्यात तिन्ही फोन एकदम वाजायला लागले.

पहिला हालदोर. कार्यक्रम चालू होता तरी वांडाने जोडून दिला.

“अकरा वर्षं, ऑरेस्ट,” म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. “ते बाळ जिवंत आहे की नाही, यासाठी मी अकरा वर्षं थांबलो. माझी बायको वाट बघता बघता गेली. माझी ऐंशी पानं झालीत. ऐंशी.”

“कुठलं बाळ?” मी म्हणालो. रेडिओवर. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.

नंतर वांडाने सांगितलं. पहिल्या खंडात राणीचं तान्हं बाळ टोपलीत घालून नदीत सोडतात. राजपुत्र इल्वेन. जन्मतः त्याची एक भुवई पांढरी. मग आठ खंड, पाच हजार पानं, त्याचा पत्ता नाही. लोकांनी त्याच्यावर पैजा लावल्या, मैत्र्या तोडल्या.

“सिग्रूनला नाही का विचारलंस आधी?” वांडा म्हणाली. “कार्डं दाखवायची होतीस तिला. तिने खुणेने तरी सांगितलं असतं.”

हिला कसं ठाऊक कार्डांचं?

घरी आलो तर आणखी नवल. आपला रेडिओ जमिनीवर फुटून पडलेला, बीटचं सूप भिंतीवर. सिग्रून खिडकीकडे तोंड करून. रोवेना घाबरून गेली होती. “काही कारणच नाही, मिस्टर ऑरेस्ट. छान ऐकत बसल्या होत्या. एकदम किंचाळल्या, हाताला येईल ते फेकलं.” मी जवळ गेलो, तर सिग्रूनने मान फिरवली.

सूप फार गरम होतं की काय कोण जाणे.

२३ एप्रिल

पुस्तक उघडलं, पान १२७. तिने डाव्या हाताने ते मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. आज दिवसभरात एकदाही मंगळवार म्हणाली नाही.

२४ एप्रिल

रोवेनाची वही चाळत होतो. बावीस तारखेखाली तिच्या गोल अक्षरात लिहिलंय: ‘४.१२. कारणाशिवाय अस्वस्थ. ओरडल्या. रेडिओ फेकला. शांत व्हायला चाळीस मिनिटं.’

चार वाजून बारा मिनिटं.

गाडी काढून तसाच वांडाकडे गेलो. “कालची टेप लाव. नाही, परवाची. घड्याळ लावून ऐकव.” तिने लावली. माझा छान आवाज. चार वाजून बारा मिनिटांनी तो आवाज म्हणतो, “त्याची एक भुवई पांढरी निघते.”

वांडाने टेप थांबवली. माझ्यासमोर कॉफी ठेवली.

अरे देवा, काय करून बसलो मी! तिच्याजवळ राहिलं होतं काय? चालणं गेलं, वाचणं गेलं, सगळे शब्द गेले. एक गोष्ट राहिली होती, ती पुढे काय होणार याची वाट बघू शकत होती. ती मी तिच्याकडून हिसकावून घेतली, वर लोकांना विनोद करून सांगितली.

आणि गाडीत बसल्यावर मला हसू फुटलं. लाजिरवाणं आहे पण फुटलं. कारण ती आहे! सगळीच्या सगळी आहे! पहिल्या खंडातली पांढरी भुवई तिच्या ध्यानात आहे, ती स्वयंपाक्याच्या तोंडावर निघाली हे ऐकल्याबरोबर पाच हजार पानं तिने जोडली. मला जोडता आली नाहीत, माझ्या हातात तर पुस्तक होतं. आता दाखवू दे मला कुणी कंगवा आणि किल्ली.

घरी येऊन तिच्यासमोर बसलो. “चुकलो मी,” म्हटलं. “मी गाढव आहे.”

ती खूप वेळ बघत होती. मग तिने डोळे मिटले. बाईंनी सांगितलं तेव्हा मिटले नव्हते.

२९ एप्रिल, मंगळवार

कार्यक्रम रद्द. वांडा म्हणाली, काही दिवस पोल्काच राहू दे.

फाँटेनबाई दुसऱ्यांदा आल्या, लारिसाही. मी सगळं मांडून ठेवलं होतं. टेप. रोवेनाची वही. पहिला खंड, नववा खंड. वकिलासारखा उभा राहून समजावलं. टेप लावायच्या आधी सिग्रूनला शेजारच्या खोलीत नेलं, तिला पुन्हा ते ऐकायला लावायचं नव्हतं.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग अगदी मायेने म्हणाल्या, “मिस्टर ऑरेस्ट, तुमचा आवाज यंत्रातून आला आणि तुम्ही समोर नाही, त्यामुळे त्या गोंधळल्या असतील. असं होतं. अशा वेळी माणसं चिडतात.”

“चार वाजून बारा मिनिटांनीच? त्याआधी बारा मिनिटं तोच आवाज येत होता ना!”

“तातो…” लारिसा.

“तू वाचलायस पहिला खंड?” मी पोरीवर ओरडलो. “आईने बाराव्या वाढदिवसाला दिला होता तुला! तू तरी सांग यांना!”

“मी चाळीस पानं वाचली होती,” लारिसा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. “मला नाही आवडला. मम्माला मी खोटंच सांगितलं होतं.”

मग चमचा, कंगवा, किल्ली. सिग्रूनने एकाकडेही बघितलं नाही. “आज वार कोणता?”

“मंगळवार.”

या वेळी खरंच मंगळवार होता. बाईंनी बरोबरची खूण केली. दहापैकी एक.

शेवटी बाईंनी तिची बाही वर केली. दंडावर जुना पिवळा डाग, आणि त्याच्याखाली नवा, निळा. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. लारिसाने माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या किल्लीकडे बघत बसलो.

६ मे

केंद्रात जागा मिळाली. तळ्याच्या दक्षिणेला, चाळीस मिनिटांवर. समितीच्या कागदावर कारणं लिहिलीत: आकलन अत्यल्प, हिंसक वर्तन, घरात पडण्याचा धोका. यातलं तिसरं तेवढं खरं आहे.

वांडा एक खोकं घेऊन आली. एकोणीस वर्षांची श्रोत्यांची पत्रं. “ती उत्तरं लिहून परत माझ्याकडे ठेवायला द्यायची,” म्हणाली. “आता तुझ्याकडे असू देत.”

मी एक पाकीट काढलं. सिग्रूनच्या नावाचं. दुसरं, सिग्रून. तळापर्यंत उलथून बघितलं. माझ्या नावाचं एक होतं, त्यात एका बाईने लिहिलं होतं की विनोद कमी करा.

“कधीपासून माहीत होतं लोकांना?”

“पहिल्या मंगळवारपासून. ऑरेस्ट, ‘या लेखकाला स्वतःच्या राक्षसाची दया येते आणि तिथेच पुस्तक फसतं’, हे तू बोलशील? तू तर कोबीलाही छान म्हणतोस आणि अंत्यविधीलाही.”

“मग कुणी बोललं का नाही?”

“ती खूश होती ना,” वांडा म्हणाली. “स्वयंपाकघरात बसून तुझा आवाज ऐकायची. तिला तो आवडायचा.”

१४ मे

नेलं आज.

गाडीत बसवायला दोन तरुण मुली आल्या होत्या, अलगद उचललं त्यांनी. एका झटक्यात. मी बाजूला उभा राहून बघत होतो. माझ्या हातांना काही कामच नव्हतं.

फळीवरचे नऊ खंड पेटीत भरले. नववा हातात घेतला तर तिने मागितला. मांडीवर ठेवला, उलटा केला, नावाची बाजू स्वतःकडे, फळीवर भिंतीकडे करायची तशी. तसाच धरून बसली वाटभर.

३ जून, मंगळवार

तिची खोली बरी आहे. खिडकीतून तळं दिसतं. माणसंही चांगली आहेत, हे लिहायलाच हवं. सगळ्यांना ‘माझी राणी’, ‘माझी बाहुली’ म्हणतात. सिग्रूनला बाहुली म्हणणाऱ्याची तिने पूर्वी बसमध्ये काय गत केली असती ते मला माहीत आहे.

नऊ खंड फळीवर लावलेत. नववा भिंतीकडे तोंड करून. तिनेच लावायला लावला.

मी पहिला खंड सुरू केलाय. पहिल्या पानापासून, नकाशासकट. तिला पाठ आहे, पण मला माहीत नाही ना. तीन आठवडे ती नुसती ऐकून घेत होती, खिडकीकडे बघत, एक शब्द नाही. रोज दोन-तीन पानं झाली की मीच दमतो. आज चाळीस झाली. मी पुस्तक मिटलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, “पुढे वाचू, की भिंतीकडे करू?”

तिने हात पुढे केला. पुस्तक घेतलं, मांडीवर ठेवलं आणि डाव्या अंगठ्याने पानं मागे मागे टाकायला लागली. वेळ लागला. मी मदत करायला गेलो तर चापट. एका पानापाशी थांबली. त्याच्या कोपऱ्यावर कॉफीचा मोठा गोल डाग होता, थर्मासच्या झाकणाचा. अकरावं पान. तिने डागाशेजारी बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी चष्मा लावून वाचलं. टोपलीतल्या बाळाचं वर्णन होतं. एक भुवई काळी, एक मिठासारखी पांढरी. दोन आठवड्यांपूर्वी हे पान मी तिला वाचून दाखवलं होतं, आणि थांबलोसुद्धा नव्हतो.

“मंगळवार,” सिग्रून म्हणाली. कितीतरी दिवसांनी. हा सूर मला नवा नव्हता, चोपन्न वर्षं ऐकतोय. बघ रे गाढवा, हाच तो सूर.

आणि हसली. खांदे हलवून.

मी उठून दाराकडे धावलो. कुणीतरी या, बघा, हे बघा! पाहा तिने काय केलं! एक मुलगी आली, घाईतच. तिला मी सगळं सांगितलं, डाग, भुवई, स्वयंपाकी, अकरावं पान. तिने हसून मान डोलावली. मग वाकून सिग्रूनच्या हातातलं पुस्तक हळूच काढून घेतलं आणि वरच्या फळीवर ठेवलं.

“पानं चुरगळतील ना, बाहुले,” ती म्हणाली. “आणि आजोबा, तुम्हीही बसा बघू, इतकं धावू नका.”

सिग्रूनने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. ती मुलगी गेल्यावर मी स्टुलावर चढून पुस्तक खाली काढलं.

रोज दोन-तीन पानं म्हणजे नवव्या खंडाच्या पान १२७ वर पोचायला किती वर्षं लागतील, ते काढायला बसलो होतो. अर्ध्यात सोडून दिलं. आज पान ४३ पर्यंत झालं.